दोन मिलिअँप

सोमवार, ४ मार्च २०२४

आज ह्यांच्या कपाळाला करंट लावला. दोन मिलिअँप, वीस मिनिटं.

आयुष्यभर वीज मंडळात नोकरी केलेला माणूस. तेहतीस हजार व्होल्टच्या तारांखाली उभं राहून डबा खाल्लेला. आणि आज साबणाच्या वडीएवढ्या डबीकडे बघून माझा हात धरला! मिठाच्या पाण्यात भिजवलेले दोन स्पंज, त्यांवर रबरी पट्टा, पट्टा डोक्याभोवती. एक स्पंज डाव्या भुवईच्या वर, एक उजवीकडे. पाण्याचा ओघळ कानामागून कॉलरमध्ये गेला तेव्हा हे माझ्यावर वैतागले. जसा काही मी ओतला.

करंट लावणारी मुलगी वल्लरी. नागपूरची, इथे अमेरिकेत युनिव्हर्सिटीत पीएच.डी. करते. सह्या करण्याआधी तिने सगळं समजावलं. निम्म्या लोकांना खरा करंट, निम्म्यांना खोटा. खोट्यातही पहिलं अर्धं मिनिट करंट येतो, मग गुपचूप बंद होतो. तेवढ्यात कपाळाला खाज सुटते आणि माणसाला वाटतं, आपलं चालू आहे. कोणाला काय मिळतंय ते तिलाही माहीत नाही, फक्त कॉम्प्युटरला. पाच आठवडे, सोमवार-बुधवार-शुक्रवार. त्यानंतर तीन महिन्यांनी एक परीक्षा, आणि मग सांगणार.

पंधरा शब्द वाचून दाखवले. अर्ध्या तासाने विचारले. ह्यांना चार आठवले.

येता-जाता गाडी मी चालवली. नोव्हेंबरपासून मीच चालवते. हे कोथिंबीर आणायला गेले आणि दोन तासांनी भलत्याच दुकानाच्या पार्किंगमध्ये सापडले. गाडीत बसलेले, वायपर चालू. पाऊस नव्हता. नकुलने त्याच दिवशी बाबांच्या किल्ल्या काढून घेतल्या. डॉक्टर म्हणाले, सुरुवात आहे. कशाची, ते नीट म्हणाले नाहीत. हा प्रयोग प्रीताने शोधला. सून हुशार आहे. फोनवर सगळ्यांना सांगते, आई बाबांचं किती करतात.

मी का करते ते इथे लिहून ठेवते. मला ह्यांच्या तोंडून एक गोष्ट ऐकायची आहे. हे ती खरोखर विसरायच्या आत.


बुधवार, ६ मार्च

काही नाही. कपाळावर लाल चट्टा. जेवणापर्यंत गेला. पाच शब्द.


रविवार, १० मार्च

इथल्या उन्हाळी वेळेसाठी घड्याळं एक तास पुढे केली. हे दिवसभर विचारत होते, आज सगळं एवढ्या लवकर का.

लिहायला बसलेच आहे तर ते लिहून टाकते. आजवर कुठेच लिहिलेलं नाही.

जून १९८६, सांगली. मी तीस वर्षांची. एम.एस्सी. फिजिक्स, फर्स्ट क्लास. नकुल दोन वर्षांचा. कोल्हापूरच्या एका कॉलेजात लेक्चररच्या जागेसाठी मुलाखत दिली होती. चोरून नाही, ह्यांना विचारून. ह्यांनीच स्कूटरवरून एसटी स्टँडवर सोडलं होतं. मुलाखत छान झाली. एका सरांनी मला फळ्यापाशी उभं करून शिकवायला लावलं आणि मधे थांबवलंच नाही.

पत्र आलं नाही. महिनाभर पोस्टमनची सायकल वाजली की मी दारात जायचे. हे म्हणायचे, आधीच ठरलेलं असतं सगळं, सोड. मी सोडलं. पुढे घरी शिकवण्या घेतल्या, वीस वर्षं. दहावीची मुलं. तेच भिंग, तोच आरसा.

१९९९ मध्ये मिरजेला एका लग्नात त्या कॉलेजच्या जुन्या विभागप्रमुख भेटल्या, पद्मिनीबाई. ताट हातात धरून म्हणाल्या, "तुम्ही देवस्थळी ना? पंधरा दिवस वाट पाहिली आम्ही तुमची. पत्र रजिस्टरने पाठवलं होतं. पोच आली होती सहीची."

सही कोणाची, हे मला कोणी सांगायची गरज नव्हती.

घरी येऊन ह्यांना विचारलं. हे पेपर वाचत होते. पेपर खाली न करता म्हणाले, "मला आठवत नाही." अठ्ठेचाळीस वर्षांचा माणूस. जिल्ह्यातल्या प्रत्येक सबस्टेशनचा फोन नंबर तोंडपाठ. त्यानंतर मी आणखी चारदा विचारलं. दर वेळी तेच उत्तर, त्याच आवाजात.

आता तेच वाक्य म्हणतात आणि डॉक्टर मान हलवून लिहून घेतात.


शुक्रवार, १५ मार्च

आज ह्यांचं दुसरं काम होतं, लक्ष द्यायचं. स्क्रीनवर एकेक अक्षर येतं. दोन अक्षरांपूर्वी तेच आलं असेल तर बटण दाबायचं. हे चिडले. हा पोरखेळ कशाला, म्हणाले. मग आठ वेळा चुकीचं दाबलं.

पट्टा लावून हे बसलेले असताना मी वल्लरीला बाजूला विचारलं — कवटीचा रोध एवढा, त्यावर ओली त्वचा, मग दोन मिलिअँपमधलं मेंदूपर्यंत पोचतं किती? बराचसा करंट वरच्यावर कातडीतूनच जात असणार.

"काकू, तुम्ही फिजिक्सच्या?"

"होते," म्हटलं.

मग ती मोकळी झाली. म्हणाली, तेच तर भांडण आहे. एक रिसर्च पेपर म्हणतो, शब्द जास्त आठवतात, लक्ष जास्त टिकतं. दुसरा तसाच प्रयोग करतो आणि त्याला काहीच मिळत नाही. मी विचारलं, जुन्या आठवणी येतात का परत? चाळीस वर्षांपूर्वीच्या? ती म्हणाली, "तशी आशा ठेवू नका, काकू. ह्यासाठी नाहीच हे. आणि खरं सांगू? जे ह्यासाठी आहे तेही होतं की नाही, तेच मी शोधून राहिले."

मला आवडली. खोटं बोलली असती तरी चाललं असतं मला.


बुधवार, २० मार्च

नऊ शब्द! चारावरून नऊ.

नकुलने ऑफिसातून फोन केला, मग घरी येऊन पुन्हा सगळं विचारलं. फ्रिस्को गावच्या मित्राला सांगितलं, भारतात आत्याला सांगितलं. म्हणे, बाबांचा मेंदू अपग्रेड होतोय. चाळीस वर्षांचा झाला तरी बाबा म्हटलं की ह्याचा चेहरा शाळेतल्या पोरासारखा होतो. बाबांनी सायकल शिकवली, बाबांनी इंजिनिअरिंगला घातलं. बारावीचं फिजिक्स कोणी करून घेतलं, ते आठवायला ह्याच्याही डोक्याला पट्टा बांधायला हवा.


सोमवार, २५ मार्च

पाइनचे पराग पडायला लागले. गाड्या, घरामागचा लाकडी डेक, टपालपेटी, सगळं पिवळं. मी शिंकून हैराण.

वल्लरीने मला एक पेपर छापून दिला, डोक्यात करंट कसा पसरतो त्यावर. पेन्सिल घेऊन बसले. पहिलं पान तीनदा वाचलं. चौथ्यांदा एक समीकरण ओळखीचं निघालं. दोन तास कसे गेले कळलं नाही. प्रीता जेवायला बोलवायला आली तेव्हा मी कागद उशीखाली सरकवला. का, कोण जाणे. चोरी थोडीच करत होते.


बुधवार, २७ मार्च

बोलले.

परत येताना. रेल्वे फाटकाजवळ मालगाडी आडवी होती, संपता संपत नव्हती. हे डबे मोजत होते. मोजता मोजता थांबले.

"तपकिरी पाकीट होतं," म्हणाले.

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. मागच्या गाडीने हॉर्न दिला तेव्हा फाटक उघडून किती वेळ झाला होता कुणास ठाऊक. मी पलीकडे टायरच्या दुकानासमोर गाडी लावली. इंजिन बंद केलं. दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले.

विचारलं, कसलं पाकीट. म्हणाले, कोल्हापूरचं. संस्थेचा शिक्का. तू नकुलला घेऊन दवाखान्यात गेली होतीस. मी सही केली. ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये ठेवलं, फायलींच्या खाली. पंधरा दिवस ठेवलं. मग फाडलं.

"का?"

काचेवर पिवळी धूळ.

"तू मॅडम झाली असतीस," म्हणाले. "मी तारवालाच राहिलो असतो."

एवढंच. माफी वगैरे नाही. मी गाडी चालू केली. वाटेत दूध घ्यायचं होतं, ते घेतलं.

पंचवीस वर्षं वाटायचं, हे ऐकल्यावर मी ओरडेन, काहीतरी फोडेन. काही झालं नाही. दूध फ्रिजमध्ये ठेवलं आणि ओट्याला टेकून उभी राहिले.


शुक्रवार, २९ मार्च

वल्लरीला सांगितलं. काय आठवलं ते नाही — एवढंच, की ह्यांना अडतीस वर्षांपूर्वीचं काहीतरी अगदी बारीकसारीक आठवलं. तिने लगेच आनंद दाखवला नाही. वहीत लिहून घेतलं. म्हणाली, एका माणसाच्या एका आठवणीवरून काही म्हणता येत नाही. बरोबर आहे तिचं. मी तिच्या जागी असते तर हेच म्हटलं असतं.

पण मी तिच्या जागी नाही. मी काल दिवसभर विचार केला. करंटने जे वर आलं ते आधी खाली गेलेलं असणार. म्हणजे १९९९ मध्येसुद्धा ह्यांना खरंच आठवत नसेल? माणूस स्वतःच्या लाजेची गोष्ट इतकी खोल पुरतो की त्यालाच सापडत नाही, असं होतं म्हणतात. म्हणजे पंचवीस वर्षं मी एका खोटं न बोलणाऱ्या माणसाला खोटारडा म्हणत आले?

नारळाच्या वड्या केल्या होत्या. वल्लरी म्हणाली, पेशंटकडून काही घेता येत नाही. मग दार लोटून दोन खाल्ल्या.


शुक्रवार, ५ एप्रिल

शेवटचा दिवस. अकरा शब्द. ह्यांनी वल्लरीशी हात मिळवला आणि डबीवर टिचकी मारली.


रविवार, २१ एप्रिल

आज नकुलला सांगितलं. जेवणं झाल्यावर, तो आणि प्रीता दोघंच होते, हे शेजाऱ्यांबरोबर क्रिकेटच्या मैदानावर बाकांवर बसायला गेले होते. सगळं सांगितलं. मुलाखत, पोच, पाकीट.

नकुल बोटांनी टेबलावरचे कण गोळा करत होता. म्हणाला, "आई, ते एटीज होते. तेव्हा सगळे असंच करायचे. आणि आता बाबांची ही कंडिशन. लेट इट गो ना."

सगळे असंच करायचे. सगळे दुसऱ्याच्या नावाचं रजिस्टर पत्र सही करून घ्यायचे आणि फाडायचे!

प्रीताने भांडी आवरता आवरता विचारलं, तुम्ही तेव्हा कॉलेजात जाऊन चौकशी का नाही केलीत? दीड तासावर तर होतं. तिच्या आवाजात टोमणा नव्हता, म्हणून जास्त लागलं. मी म्हटलं, नकुल लहान होता. ती हो म्हणाली.

नकुल लहान होता हे खरं आहे. मी घाबरले होते, हेही खरं आहे. वाटलं, जाऊन विचारलं आणि ते म्हणाले तुम्ही नापास, तर? त्यापेक्षा न आलेलं पत्र बरं.


मंगळवार, १४ मे

ह्यांच्याबरोबर तासभर डेकवर बसले. बऱ्याच वर्षांत बसले नव्हते. विमानं अगदी कमी उंचीवरून जातात, ह्यांना आवडतात. म्हटलं, असू दे. आजारी माणूस आहे. जे होतं ते बाहेर आलं.


सोमवार, ८ जुलै

आज परीक्षा होती. तीन शब्द.

मार्चपेक्षा एक कमी. ह्यांना कळलं. मुलाखतीत नापास झालेल्या पोरासारखे हात मांडीत घेऊन बसले.

मग वल्लरीने कॉम्प्युटरवर नंबर घातला आणि पाकीट उघडावं तसं ते उघडलं. तिचा चेहरा बघून मी ओळखलं.

खोटा.

ह्यांना खोटा करंट मिळाला. पंधरा वेळा अर्धं अर्धं मिनिट — साडेसात मिनिटं, सगळी मिळून. बाकीचा वेळ डबी बंद आणि डोक्याला ओले स्पंज.

मी विचारलं, मग ते अकरा शब्द? ती म्हणाली, "सवय झाली असेल, काकू. तेच ते काम पुन्हा पुन्हा केलं की जमतं. आणि आठवड्यातून तीनदा कोणी तरी लक्ष देऊन ऐकत बसलं, की त्यानेही माणूस थोडा सुधारतो." मग हळूच म्हणाली, "सॉरी."

तिने कशाला सॉरी म्हणायचं! तिने पहिल्याच दिवशी सगळं सांगितलं होतं.

गाडीत हे झोपले. मी फाटकाशी थांबले तेव्हा गाडी नव्हतीच, रूळ मोकळे. तिथे माझ्या डोक्यात हिशोब पुरा झाला. करंट नव्हता. मग वर काय आलं? काहीच वर आलं नाही. ते वरच होतं. १९८६ पासून.


मंगळवार, ९ जुलै

नकुल-प्रीता कामावर गेल्यावर विचारलं. हे डेकवर होते. मी समोर खुर्ची घेऊन बसले, म्हणजे पेपर आडवा यायला नको.

म्हटलं, तुम्हाला सगळं आठवत होतं. नव्याण्णव सालीसुद्धा.

मला वाटलं, आता येणार ते वाक्य. आलं नाही.

"होतं," म्हणाले.

"मग तेव्हा का नाही म्हणालात?"

हे वर विमान बघायला लागले.

"आणि आता का म्हणालात?"

ह्यांनी कपाळावर हात फिरवला, जिथे स्पंज असायचा तिथे. म्हणाले, "वाटलं, मशीनवर ढकलता येईल. मशीनने आठवलं म्हणता येईल." मग म्हणाले, "पुढे खरंच नाही आठवलं, तर राहून जाईल ना गं."

मी उठले. आत आले. वॉशिंग मशीनमधले कपडे ड्रायरमध्ये टाकले. बाहेर येऊन पुन्हा बसावंसं वाटलं नाही.

कबुली दिली तीसुद्धा दुसऱ्याच्या नावावर. इतका भित्रा माणूस. आणि मी एप्रिल-मे-जून ह्यांना गरम पोळ्या वाढल्या. मनात ह्यांची माफी मागितली. बंद डबीने मला शहाणं केलं, असं समजत राहिले.

शेवटचं वाक्य मात्र डोक्यातून जात नाही. राहून जाईल ना गं. म्हणजे राहू नये असं वाटत होतं? मला नको आहे हे वाक्य. ह्यामुळे नीट रागावताही येत नाही.


शनिवार, २० जुलै

युनिव्हर्सिटीचं पत्र आलं. ज्यांना खोटा मिळाला त्यांना हवं असेल तर आता खरा देतील. पंधरा वेळा. नकुल लगेच, "ऑफ कोर्स!" मी म्हटलं, मला जमणार नाही. गुडघा दुखतो, गाडी चालवणं होत नाही.

नकुल म्हणाला, "आई, त्यांना बरं व्हायचा चान्स आहे आणि तू गुडघा काढतेस?"

खरं काय ते सांगता आलं नाही. मला जे हवं होतं ते मिळालं, आणि ते असं निघालं. आता ह्यांना काय आठवतं आणि काय नाही, ह्याच्याशी मला काय करायचंय? हे वाचून मला माझीच भीती वाटते. पण खोडत नाही.


गुरुवार, १ ऑगस्ट

हे सकाळी अंघोळ करून, शर्टाची बटणं वर-खाली लावून दारात उभे. "चल ना, वल्लरीकडे जायचंय." आज गुरुवार. आणि अजून काही ठरलंही नव्हतं.

बटणं नीट लावून दिली. युनिव्हर्सिटीला फोन केला.


बुधवार, १४ ऑगस्ट

आता खरा करंट. दोन मिलिअँप, पूर्ण वीस मिनिटं. ह्यांना फरक कळत नाही. मलाही नाही. चट्टा तसाच, तेवढाच.

चार शब्द.


शुक्रवार, ६ सप्टेंबर

संपलं. शेवटचा आकडा तीन. लक्ष द्यायच्या कामात तर बटण दाबायचंच विसरून गेले, अक्षरं बघत राहिले. वल्लरीने मधेच स्क्रीन बंद केला आणि कॉम्प्युटर बिघडला म्हणून सांगितलं. मी तिच्याकडे बघितलं. तिने मान खाली घातली.

नंतर कॉरिडॉरमध्ये म्हणाली की तिचे सगळे आकडे आले. चौऱ्याऐंशी माणसं. खऱ्या आणि खोट्यात काहीच फरक नाही. चार वर्षांचं काम. तिचे सर म्हणतात, साठ ते पासष्ट वयाचे तेवढे वेगळे काढून बघ, त्यात काहीतरी दिसेल. तिला तसं करायचं नाही, आणि सरांना नाही म्हणायचंही धाडस होत नाही.

मी म्हटलं, नाही म्हण. जे आलं ते लिही. फरक नाही हेही उत्तरच आहे, कोणीतरी ते नीट लिहून ठेवायला हवं. तुझं नाव असलेला कागद दुसऱ्याच्या ड्रॉवरमध्ये जाऊ देऊ नकोस.

शेवटचं वाक्य तिला कळलं नसेल. पण ती "हो, मॅम" म्हणाली. काकू नाही. चुकून आलं असेल तोंडात.


रविवार, २९ सप्टेंबर

ह्यांनी नकुलला विचारलं, तुम्ही वीज मंडळात कुठल्या सेक्शनला आहात. नकुल हसला. मग गॅरेजमध्ये जाऊन बराच वेळ आला नाही.


गुरुवार, १७ ऑक्टोबर

आज मी वाईट वागले.

दुपारी घरात कोणी नव्हतं. हे सोफ्यावर. मी जवळ जाऊन म्हटलं, "तपकिरी पाकीट आठवतं?"

"कसलं पाकीट?"

"कोल्हापूरचं. तुम्ही फाडलेलं."

हे विचार करायला लागले. मी चेहरा न्याहाळत होते. त्रेचाळीस वर्षं हा चेहरा बघते आहे, लपवताना डावा गाल कसा ओढला जातो ते मला पाठ आहे. गाल हलला नाही. नुसते शोधत होते, खिशात चष्मा शोधावा तसं. मग थकले.

"मला आठवत नाही गं," म्हणाले.

ह्या वेळी खरं होतं.

मी पुन्हा विचारलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा विचारल्यावर ह्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. आपण परीक्षेत चुकतोय असं वाटलं असेल. तेव्हा थांबले.

सुटले हे. अडतीस वर्षं खोटं सांभाळलं, शेवटी एकदा खरं बोलले, आणि आता दोन्हींतून मोकळे. माझ्याकडे मात्र सगळं तसंच. शिक्का, सही, फायलींच्या खाली, पंधरा दिवस. आता जगात हे एका माझ्याच डोक्यात आहे. भांडायला समोर कोणी नाही, आणि ज्याच्याशी भांडायचं त्याला मी तीन वाजता केळ सोलून देते.


मंगळवार, १९ नोव्हेंबर

नवीन डॉक्टरबाई. ह्यांना नेहमीचे प्रश्न विचारले. साल चुकलं, महिना चुकला, राष्ट्राध्यक्ष सांगता आला नाही. मग माझ्याकडे बोट करून विचारलं, ह्या कोण?

हे ताठ बसले. म्हणाले, माझी मिसेस. फिजिक्सची प्रोफेसर आहे, कोल्हापूरला. फार कडक आहे, मुलं टरकतात हिला. दोन वाजता लेक्चर आहे तिचं, जरा लवकर आटपा.

डॉक्टरबाईंनी माझ्याकडे वळून हसून विचारलं, कुठल्या कॉलेजात?

मी कॉलेजचं नाव सांगितलं.